सिग्नल होता, ताटली नव्हती
लेखमाला : चित्र घरात येण्याआधी – भाग ६

वरळीचा मनोरा उभा राहिला, २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावरच्या सहक्षेपणामुळे चित्र पुण्यात पोचलं. गेल्या आठवड्यात आपण इथवर आलो होतो. महाराष्ट्रातल्या टीव्हीची गोष्ट सांगणारे बहुतेक जण इथून थेट १९८२ वर उडी मारतात: आशियाई खेळ, रंगीत चित्र वगैरे. मधल्या दहा वर्षांत राज्याच्या पूर्वेच्या टोकाला काय चाललं होतं, हे विचारायची तसदी सहसा कोणी घेत नाही. म्हणून आज गोंदियाला जाऊ. तेव्हा हा स्वतंत्र जिल्हा नव्हता. भंडाऱ्यातून तो वेगळा झाला १ मे १९९९ ला.

आधी थोडं गणित. टीव्हीच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात आणि पृथ्वी गोल आहे, त्यामुळे मनोरा कितीही दांडगा असला तरी त्याच्या नजरेला क्षितिजाची हद्द असते. मनोऱ्याची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा आणि ४.१ ने गुणा; ढोबळमानाने तेवढे किलोमीटर त्याला दिसतात. वरळीचा मनोरा ३०० मीटरचा, म्हणजे ७१ किलोमीटर. तुमच्या घरावर दहा मीटर उंचीवर अँटेना असेल तर त्यात आणखी १३ मिळवा. झाले ८४. आता गोंदिया बघा: मुंबईहून रेल्वेने साडेनऊशे किलोमीटरच्या पुढे. विदर्भ एक्सप्रेसमध्ये अख्खी रात्र काढूनही नागपूरनंतरची सकाळ गाडीतच जाते. थोडक्यात, सरकारी नोंदीप्रमाणे महाराष्ट्रात टीव्ही आला होता आणि आमगाव, देवरी, सालेकसा या गावांच्या दृष्टीने तो आलेला नव्हता.

आता गोंदियाहून उलट्या दिशेची, हावड्याकडे जाणारी गाडी धरा. सालेकसा, दरेकसा, तिथला बोगदा, मग राज्याची हद्द, डोंगरगड, राजनांदगाव आणि सव्वाशे-दीडशे किलोमीटरच्या आत दुर्ग. आज हा छत्तीसगड, त्या वेळी मध्य प्रदेश. १ ऑगस्ट १९७५ ला दुर्ग, रायपूर आणि बिलासपूर भागातल्या निवडक खेड्यांत टीव्ही सुरू झाला, आणि तोही कुठल्याच मनोऱ्यावरून नव्हे, थेट उपग्रहावरून. त्या दिवशी नागपूरलाही दूरदर्शन दिसत नव्हतं.

हा प्रयोग म्हणजे ‘साइट’, उपग्रहाद्वारे शिक्षणाचा दूरचित्रवाणी प्रयोग. विक्रम साराभाईंच्या आग्रहातून १९६९ मध्ये भारताच्या अणुऊर्जा विभागाने ‘नासा’शी करार केला. तो प्रत्यक्षात उतरलेला बघायला साराभाई उरले नाहीत. ३० डिसेंबर १९७१ ला ते गेले. प्रयोगाची धुरा ज्यांनी वाहिली त्यांत कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस होते. मराठी वाचकांना हे नाव जितकं ठाऊक असायला हवं तितकं नाही, हे माझं जुनं गाऱ्हाणं. ‘एटीएस-६’ हा अमेरिकी उपग्रह ३० मे १९७४ ला सुटला, वर्षभर अमेरिकेच्या कामाला लागला आणि मग सरकवून पूर्व आफ्रिकेवर, ३५ अंश पूर्व रेखांशावर आणला गेला. तिथून जुलै १९७५ मधल्या अपोलो-सोयुझ भेटीची चित्रंही त्याने पृथ्वीवर पोचवली. भारताच्या वाट्याला तो आला फक्त एका वर्षासाठी.

या उपग्रहाची गंमत त्याच्या छत्रीत होती. अवकाशात गेल्यावर उलगडणारी ही अँटेना नऊ मीटर व्यासाची. प्रक्षेपकाची शक्ती होती ८० वॅट, म्हणजे त्या काळच्या १०० वॅटच्या पिवळ्या दिव्यापेक्षाही कमी. पण छत्री ती सगळी ऊर्जा एका बारीक झोतात गोळा करून भारतीय उपखंडावर सोडत होती. आकाशातली अँटेना मोठी असली की जमिनीवरची लहान चालते, हा यातला खरा व्यवहार. त्यामुळे खेड्यात तीन मीटरची ताटली पुरली, आणि तीही साध्या तारेच्या जाळीची, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या. ८६० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण ३५ सेंटिमीटर असते. जाळीची भोकं त्याहून कितीतरी लहान, म्हणून लहरीला ती जाळी सलग पत्र्यासारखीच वाटते आणि वारा मात्र आरपार जातो. वजन कमी, खर्च कमी, दुरुस्ती गावातच.

सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत असे संच बसले: आंध्र, कर्नाटक, ओरिसा, बिहार, राजस्थान आणि मध्य प्रदेश. महाराष्ट्र या यादीत नव्हता. आता दिशेचा हिशेब करा. उपग्रह आफ्रिकेवर, विषुववृत्ताच्या माथ्यावर. डोंगरगडच्या आसपासच्या कुठल्याही जागेवरून त्याच्याकडे बघायचं तर ताटलीचं तोंड पश्चिम-नैर्ऋत्येला, क्षितिजापासून जेमतेम ३३ अंश वर धरावं लागेल. म्हणजे दुर्गच्या ताटल्यांची तोंडं आपल्या गोंदिया-गडचिरोलीकडे वळलेली होती!

आणि झोत काही राज्याची हद्द बघून पडत नाही. आर्थर क्लार्कने भूस्थिर कक्षेतल्या संदेशवहनाची कल्पना १९४५ मध्ये मांडली होती. १९७५ मध्ये ‘इस्रो’ने त्याच्या कोलंबोतल्या घरी ताटली बसवून दिली, आणि हेच भारतीय कार्यक्रम तो तिथे बसून बघू लागला. लहरी कोलंबोपर्यंत पोचत होत्या, तर सालेकसा-देवरीवरही त्या वर्षभर रोज पडतच होत्या. कमी होती ती जाळीच्या ताटलीची, रूपांतर करणाऱ्या एका पेटीची आणि गावात संच ठेवायच्या निर्णयाची. तंत्रज्ञान पोचलं नाही म्हणून मागास राहिलो, असं आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं. इथे ते पोचलं होतं. हात पुढे करून घ्यायचं सामान यादीबाहेरच्या गावांना दिलं गेलं नाही. मुंबईच्या मनोऱ्याने अख्ख्या महाराष्ट्राची नोंद ‘टीव्ही आहे’ अशी केली, आणि त्याची झळ बसली ती मुंबईपासून सगळ्यांत लांब असलेल्या गावांना.

मिळालं असतं तर काय दिसलं असतं? सकाळी दीड तास शाळेच्या पोरांसाठी, संध्याकाळी अडीच तास मोठ्यांसाठी. शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन, थोडं मनोरंजन, दिल्लीच्या बातम्या. वीज नसलेल्या गावांत संच बॅटरीवर चालत. पहिल्या दिवसांतली झुंबड पुढे ओसरली, आणि त्याचं एक कारण मला उघड दिसतं: बिहार, राजस्थान आणि मध्य प्रदेश अशा तीन राज्यांना एकच हिंदी. छत्तीसगढी बोलणाऱ्या शेतकऱ्याला राजस्थानातल्या शेताचा सल्ला काय कामाचा? धानाच्या पट्ट्यात बाजरीवरचं व्याख्यान ऐकायला दुसऱ्यांदा कोण येईल! गुजरातेत खेडा जिल्ह्यासाठी पीजच्या छोट्या प्रक्षेपकावरून तिथल्याच बोलीत, तिथल्याच माणसांचे कार्यक्रम झाले, ते मात्र लोकांनी धरून ठेवले. गोंदियात पोवारी, गोंडी, छत्तीसगढी, मराठी आणि हिंदी एकाच बाजारात ऐकू येतात. इथे तर हा प्रश्न आणखी चिघळला असता.

३१ जुलै १९७६ ला प्रयोग संपला आणि उपग्रह परत गेला. ‘साइट’च्या खेड्यांची सवय मोडू नये म्हणून सहा ठिकाणी जमिनीवरचे प्रक्षेपक उभारायचं ठरलं, त्यांत रायपूर होतं. ते १९७७ मध्ये सुरू झालं. पण आपलं वर्गमूळ इथेही आडवं येतं: रायपूर गोंदियाहून रेल्वेने सुमारे १७० किलोमीटर, म्हणजे वरळीइतका उंच मनोरा तिथे असता तरी त्याच्या नजरेबाहेरच.

भारताचा स्वतःचा ‘इन्सॅट’ आला तेव्हा खेड्यांसाठीच्या कार्यक्रमांची सहा राज्यं नव्याने निवडली गेली, आणि त्या यादीत महाराष्ट्र आला. पण पहिला, ‘इन्सॅट-१ए’, १० एप्रिल १९८२ ला सुटून सप्टेंबरातच निकामी झाला. दुसरा ३० ऑगस्ट १९८३ ला ‘चॅलेंजर’ यानातून भर रात्री निघाला. त्याच्या मागोमाग देशभर उभी राहिलेली शंभर वॅटची छोटी सहक्षेपण केंद्रं आणि गच्चीवरच्या काड्यांची अँटेना हा पुढच्या भागाचा विषय.