न झिजलेल्या टायरचे म्हातारपण

वाहनाचा टायर चांगला की वाईट हे ठरवण्याची भारतातील सर्वमान्य रीत म्हणजे त्याच्या नक्षीकडे पाहणे. खाचा खोल दिसल्या तर टायर चांगला, गुळगुळीत झाला असेल तर बदलायला आलेला, असा हा सरळ हिशेब असून कायद्याची दृष्टीही त्याहून फारशी निराळी नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांनी मोटारीच्या टायरवरील खाचांची किमान खोली १.६ मिलिमीटर ठरवून दिली आहे. टायर जास्तीत जास्त किती वर्षांचा असावा, याबाबत मात्र नियम गप्प आहेत. वास्तविक नक्षीची झीज टायर किती चालला एवढेच सांगते, तो किती वर्षे जगला हे सांगत नाही. सतत रस्त्यावर असणाऱ्या मालट्रकचा टायर म्हातारा होण्याआधीच झिजून जातो, त्यामुळे तेथे या दोन गोष्टींतला फरक सहसा जाणवत नाही. परंतु सोसायटीच्या आवारात आच्छादनाखाली उभी राहणारी आणि गणपती-दिवाळीला गावी जाण्यापुरतीच बाहेर निघणारी जी मोटार असते, तिच्या टायरांची नक्षी आठ-नऊ वर्षांनीही नव्यासारखी दिसते, आणि त्या नवेपणावर विश्वास ठेवून ती थेट द्रुतगती मार्गावर नेली जाते.

रबर म्हातारे होते म्हणजे नेमके काय होते, हे समजण्यासाठी ते टिकाऊ कसे झाले हे आधी पाहावे लागते. झाडाच्या चिकापासून मिळणारे कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट आणि थंडीत ठिसूळ होत असे. १८३९ मध्ये अमेरिकेतील चार्ल्स गुडइयर यांना असे आढळले, की ते गंधकाबरोबर तापवले असता हा दोष जातो. रबराचे रेणू म्हणजे एकमेकांत गुंतलेल्या लांबलचक साखळ्या असतात आणि गंधकाचे अणू त्या साखळ्यांमध्ये जागोजागी पूल बांधतात, त्यामुळे रबर ताणले तरी पुन्हा मूळ आकारावर येते. या प्रक्रियेला व्हल्कनीकरण म्हणतात. अडचण अशी, की कारखान्यातील साच्यातून टायर बाहेर पडला म्हणजे रसायनक्रिया संपली असे होत नाही. हवेतील ऑक्सिजन रबरात शिरून साखळ्यांशी संयोग पावत राहतो, ज्याला ऑक्सिडीकरण म्हणतात; त्यामुळे काही साखळ्या तुटतात आणि काही ठिकाणी नको असलेले नवे पूल तयार होतात. परिणामी रबर वर्षागणिक कडक होत जाते, त्याची ताणले जाण्याची क्षमता घटते आणि एकदा चीर पडली की ती वाढू न देण्याची त्याची ताकदही उणावते. तापमान दहा अंशांनी वाढले की अशा क्रियांचा वेग सुमारे दुप्पट होतो, हा रसायनशास्त्रातील ढोबळ ठोकताळा लक्षात घेतला, तर महाबळेश्वरचा टायर आणि चंद्रपूरचा टायर एकाच दिवशी बनलेले असले तरी एकाच वयाचे का राहत नाहीत, हे उघड होते.

यातील सर्वांत महत्त्वाची, पण सर्वांत कमी माहीत असलेली बाब ही, की ऑक्सिजनचा मुख्य हल्ला बाहेरून नव्हे तर आतून होतो. आजचा मोटारीचा रेडियल टायर हा एकसंध रबराचा गोळा नसून थरांची बांधणी असते: सर्वांत आत हवा धरून ठेवणारे अस्तर, त्यावर धाग्यांचा सांगाडा, त्यावर पोलादी तारांचे दोन पट्टे आणि सर्वांत वर रस्त्याला टेकणारा नक्षीदार थर. हे सगळे एकमेकांना रबरानेच चिकटलेले असतात. टायरमध्ये हवा भरली की आतला एकूण दाब बाहेरच्या सुमारे तिप्पट होतो, म्हणजे ऑक्सिजनचा दाबही तिप्पट होतो, आणि अस्तर कितीही चांगले असले तरी त्यातून तो अतिशय संथपणे झिरपत राहतो. पंक्चर नसतानाही महिन्या-दोन महिन्यांनी हवा कमी झालेली आढळते ती याच कारणाने. बाहेर पडण्याच्या वाटेवर हा ऑक्सिजन नेमका त्या दोन पोलादी पट्ट्यांमधल्या रबराला भेटतो. पट्ट्यांच्या कडांशी तारांची कापलेली टोके असतात, चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला तेथील रबरावर सर्वाधिक ताण येतो आणि उष्णताही तेथेच जास्त साठते. रबर ताजे असेपर्यंत ते हे सोसते. कडक झाल्यावर तेथे केसासारख्या बारीक चिरा पडतात, त्या कडेकडेने एकमेकींना मिळतात आणि अखेरीस एखाद्या दिवशी वेगात असताना वरचा पट्टा नक्षीसकट सालीसारखा सुटून येतो. बोलीत अशा प्रत्येक घटनेला ‘टायर फुटला’ असेच म्हटले जाते. पण येथे फुगा फुटल्यासारखी हवा आधी जात नाही, आधी टायरचे थर एकमेकांपासून सुटतात. ही सारी घडामोड बाहेरून दिसत नाही. एखाद्या वेळी आधी काही दिवस गाडी थरथरते किंवा टायरवर उंचवटा येतो, पण तेवढीही सूचना मिळेलच असे नाही.

बाहेरच्या बाजूने होणारे वार्धक्य त्या मानाने डोळ्यांना दिसते. हवेतील ओझोन वायू ताणलेल्या रबरावर आघात करतो आणि टायरच्या बाजूंवर बारीक तड्यांची जाळी उमटते. हे टाळण्यासाठी उत्पादक रबरात काही संरक्षक रसायने आणि मेण मिसळतात. टायर फिरताना दबतो-फुगतो तसे हे पदार्थ हळूहळू पृष्ठभागावर येऊन पातळ कवच तयार करतात. उभ्या गाडीच्या टायरमध्ये ही हालचालच नसल्याने कवच नीट तयार होत नाही, म्हणून न वापरलेला टायर बाहेरूनही लवकर चिरतो. (या संरक्षकांपैकी ६पीपीडी नावाचे रसायन ओझोनशी संयोग पावून जो पदार्थ बनवते, तो पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्यांत जाऊन अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील कोहो सामन माशांना मारतो, असे २०२० मध्ये संशोधकांनी दाखवून दिले; टायरला तरुण ठेवण्याची किंमत अशी अनपेक्षित जागी मोजली जाते.) धुलाई केंद्रावर टायरला जे काळे पॉलिश लावले जाते, त्याने या जाळीवर पडदा तेवढा पडतो.

टायरच्या वयाचा प्रश्न जगापुढे आला तो अमेरिकेत, एका मोठ्या प्रकरणातून. ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोन कंपनीने मुख्यतः फोर्ड एक्स्प्लोरर या उंच बांधणीच्या गाडीवर बसवले जाणारे, त्या वेळी वापरात असलेले अंदाजे ६५ लाख टायर परत बोलावले. या टायरांचे थर सुटून गाड्या उलटल्याने अमेरिकेत २७१ जणांचा मृत्यू झाल्याची नोंद झाली. टायरची रचना, कारखान्यातील दर्जा, फोर्डने सुचवलेला २६ पौंडांचा कमी दाब आणि गाडीचे उलटण्याचे प्रमाण यांपैकी दोष कोणाचा, यावर दोन्ही कंपन्यांत जाहीर भांडण झाले आणि जवळजवळ शतकभराचा त्यांचा व्यापारी संबंध तुटला. वयाच्या दृष्टीने त्यातील अर्थपूर्ण भाग निराळाच आहे: बिघाड सहसा टायर काही वर्षे चालल्यानंतर होत होते, आणि ॲरिझोना, टेक्सास, फ्लोरिडा, कॅलिफोर्निया या उष्ण राज्यांत त्यांची दाटी होती. यानंतर अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने ॲरिझोनातील फिनिक्स या वाळवंटी शहरातून वापरातले टायर गोळा करून ते थराथराने तपासले, आणि ऑक्सिजनचे प्रमाण वाढवलेल्या हवेने भरलेले टायर भट्टीत आठवडेच्या आठवडे ठेवून वार्धक्य कृत्रिमरीत्या आणण्याची चाचणीही विकसित केली. या प्रशासनाने २००७ मध्ये अमेरिकी काँग्रेसला दिलेल्या अहवालात एका मोठ्या विमा कंपनीची आकडेवारी आहे. त्या कंपनीचे २७ टक्के ग्राहक पाच उष्ण राज्यांतले होते, पण टायरसंबंधीचे ७७ टक्के दावे त्या राज्यांतून आले होते, आणि त्यांपैकी ८४ टक्के दाव्यांतील टायर सहा वर्षांहून जुने होते. एवढे होऊनही अमेरिकेने टायरच्या वयावर कायदेशीर मर्यादा घातली नाही. टायरचे कडक झालेले इतर निकष आणि हवेचा दाब कमी झाल्याची सूचना देणारी यंत्रणा पुरेशी आहे, अशी भूमिका तेथे घेतली गेली.

ब्रिटनने वेगळा मार्ग धरला, पण तोही सहज नव्हे. सप्टेंबर २०१२ मध्ये संगीतमहोत्सवाहून परतणाऱ्या प्रवाशांची एक बस सरे परगण्यात हिंडहेडजवळ झाडावर आदळली आणि तिघे दगावले. फुटलेला पुढचा टायर बसहूनही जुना, साडेएकोणीस वर्षांचा निघाला. आणि कायद्याच्या दृष्टीने त्यात काहीच गैर नव्हते, कारण त्याच्या खाचांची खोली नियमात बसत होती. मृतांपैकी एका अठरा वर्षांच्या तरुणाच्या आईने पुढची कित्येक वर्षे या एकाच मागणीचा पाठपुरावा केला. अखेर १ फेब्रुवारी २०२१ पासून इंग्लंड, स्कॉटलंड व वेल्समध्ये ट्रक आणि बसच्या पुढच्या आसावर, तसेच मिनीबसच्या एकेरी चाकांवर, दहा वर्षांहून जुना टायर वापरण्यास बंदी आली. पुढचाच आस निवडण्याचे कारण असे, की मागे जोडचाके असल्याने एक टायर गेला तरी दुसरा भार धरतो. पुढचा गेला तर सुकाणूच हातातून जाते. खासगी मोटारींना मात्र ही बंदी तेथेही लागू नाही.

महाराष्ट्रात हा प्रश्न तीव्र होण्याची कारणे आता एकत्र आली आहेत. नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने खुला झाला. जुन्या रस्त्यांवर गावे, फाटे आणि खड्डे यांमुळे गाडीला आपोआप उसंत मिळत असे. येथे ती तापलेल्या काँक्रीटवरून तासन् तास एका वेगाने धावते आणि विदर्भातील उन्हाळ्याचा पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. शहरात ताशी ४० किलोमीटरने दहा वर्षे निमूट चाललेला टायर अशा रस्त्यावर पहिल्यांदाच आपल्या खऱ्या परीक्षेला बसतो. त्यात हवा कमी असेल तर टायर अधिक दबतो, अधिक तापतो आणि पट्ट्यांच्या कडा अधिक लवकर सुटतात. तरीही प्रत्येक अपघाताचे खापर टायरवर फोडणे बरोबर नाही. १ जुलै २०२३ रोजी बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाजवळ २५ प्रवाशांचा बळी घेणाऱ्या बसच्या चालकाने टायर फुटल्याचे सांगितले होते, परंतु प्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या तपासणीत त्याला पुष्टी मिळाली नाही. ‘टायर फुटला’ हे कारण कोणाचाच दोष न दाखवणारे असल्याने सोयीचे असते; टायरचे उत्पादनवर्ष अपघाताच्या नोंदीत नेमाने लिहिले गेले, तर त्या सोयीला बराच आळा बसेल.

जुना टायर दरवेळी सुटूनच घात करतो असेही नाही. कडक झालेले रबर डांबराच्या सूक्ष्म खडबडीत रूपात रुतत नाही, म्हणून खाचा शाबूत असूनही पावसाळ्यातल्या घाटात त्याची पकड सैल पडते आणि ब्रेक लावल्यावर गाडी थांबायला जास्त अंतर लागते. उलट, ऊस वाहणाऱ्या बैलगाडीला लावलेला जुनाट टायर वर्षानुवर्षे बिनबोभाट चालतो, कारण बैलाच्या चालीने तो तापतच नाही. वय, उष्णता आणि वेग एकत्र आले तरच थर सुटण्याचा खरा धोका उभा राहतो.

सर्वांत दुर्लक्षित टायर असतो तो डिकीतला. वेल्समधील लानेली गावात स्टेपनी नावाच्या रस्त्यावर १९०४ मध्ये डेव्हिस बंधूंनी जादा चाकाचा धंदा सुरू केला. त्या रस्त्याचे नाव भारतात ‘स्टेपनी’ म्हणून टिकून राहिले. स्टेपनी रस्त्याला लागत नाही, पण तिच्यातही दाबाखालची हवा असते आणि डिकीही उन्हात तापते, म्हणून तिचेही वय वाढत राहते. हे फिनिक्सच्या अभ्यासातही दिसून आले. दहा-बारा वर्षांच्या गाडीतील कोरी करकरीत स्टेपनी पंक्चर झालेल्या चाकाच्या जागी लावून लगेच पूर्वीच्याच वेगाने निघणे, म्हणजे त्या गाडीतील बहुधा सर्वांत जुना टायर ऐन प्रवासात कामाला जुंपणे होय.

टायर किती वर्षांनी बदलावा यावर उत्पादकांत एकमत नाही. फोर्डसारखे काही वाहननिर्माते सहा वर्षांनंतर झीज न पाहता टायर बदलायला सांगतात, तर मिशेलिनसारखी टायर कंपनी पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासणी आणि जास्तीत जास्त दहा वर्षे, असा सल्ला देते. उष्ण प्रदेशात सहाचा आकडा अधिक शहाणपणाचा वाटतो. नायट्रोजन भरल्याने आतला ऑक्सिजन कमी होऊन वार्धक्य थोडे मंदावते हे खरे असले, तरी साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो, आणि आधीच कडक झालेले रबर त्याने मऊ होत नाही.

टायरचा जन्मदिनांक त्याच्या अंगावरच छापलेला असतो. बाजूवर ‘डीओटी’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या सांकेतिक ओळीच्या शेवटी, किंवा काही टायरांवर स्वतंत्रपणे, लंबगोलात चार अंक असतात. पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष दाखवतात, म्हणजे २३१९ असे लिहिले असेल तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. २००० सालापूर्वी येथे तीनच अंक असत आणि त्यांवरून दशक कळत नसे. दुकानात ‘नवा’ म्हणून मिळणारा टायरही हे अंक पाहूनच घ्यावा लागतो, कारण तो गोदामात किती काळ पडून होता हे बिलावर नसते. मात्र अनेक टायरांवर हे अंक एकाच बाजूला असतात, आणि ती बाजू चाक बसवताना आत गेली असेल तर गाडी रॅम्पवर चढवल्याशिवाय किंवा विजेरी घेऊन खाली वाकल्याशिवाय ते वाचता येत नाहीत.