सोनोग्राफी: किती वेळा, यापेक्षा केव्हा

‘सोनोग्राफीची किरणं बाळाला बाधतात,’ या धास्तीने अजूनही कित्येक घरांत पहिली तपासणी लांबवली जाते. सोनोग्राफीत एक्स-रेसारखी किरणं नसतातच. ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी पोटात जाऊन परततात आणि त्यांतून चित्र उमटतं. डॉक्टरांनी कारणासाठी सांगितलेल्या सोनोग्राफीने बाळाला अपाय झाल्याचं इतक्या वर्षांच्या वापरात दिसलेलं नाही. नुसत्या हौसेसाठी मात्र ती करू नये.

दर महिन्याला केली म्हणजे बाळ जास्त सुरक्षित, हेही खरं नाही. जागतिक आरोग्य संघटना २४ आठवड्यांच्या आत किमान एक सोनोग्राफी सुचवते. आपल्याकडे ११ ते १४ आठवड्यांतली आणि १८ ते २० आठवड्यांच्या सुमाराची, व्यंग तपासणारी, या दोन चुकवू नयेत. गंभीर व्यंग दिसलंच, तर दुसरं मत घ्यायला आणि निर्णयाला हाताशी वेळ लागतो.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो प्रसूतीच्या तारखेचा. आठव्या महिन्यातल्या रिपोर्टवर दोन तारखा असतात: एक पाळीवरून किंवा पहिल्या सोनोग्राफीवरून काढलेली, दुसरी त्या दिवशीच्या मोजमापांवरून. दुसरी पुढची दिसली की घरचे म्हणतात, ‘तारीख पुढे गेली, अजून वेळ आहे.’ तसं नसतं. पहिल्या तीन महिन्यांत सगळ्या बाळांची वाढ जवळपास सारखी असते, म्हणून तेव्हा ठरलेली तारीखच धरायची. नंतरच्या मोजमापांत दोन-तीन आठवड्यांचा फरक सहज पडतो. शिवाय, तारीख पुढे दिसण्याचा अर्थ बाळाची वाढ कमी आहे असाही असू शकतो. तारीख बदलली की नेमकं तेच झाकलं जातं. म्हणून पहिला रिपोर्ट फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवा.

पाचव्या महिन्यात ‘वार खाली आहे’ असं लिहिलेलं वाचून लगेच सिझेरियनची भीती नको. गर्भाशय वाढतं तशी बहुतेकींची वार वर सरकते. ३२ आठवड्यांच्या आसपास पुन्हा पाहतात. उलट, रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून सगळंच ठीक, अशी हमीही नसते. काही दोष सोनोग्राफीत दिसत नाहीत.

गर्भलिंग तपासणी होऊ नये म्हणून सोनोग्राफीच्या वेळी भरल्या जाणाऱ्या फॉर्म एफवर सही मागितली की काही जणी बिचकतात. तो संशयाचा कागद नव्हे. प्रत्येक गरोदर बाईचा तो भरावाच लागतो. गर्भलिंग सांगणं आणि विचारणं, दोन्ही गुन्हा आहे; असा कायदा महाराष्ट्राने देशात सर्वांत आधी, १९८८ मध्ये केला.

खर्चापायी तपासणी राहत असेल, तर दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्य केंद्रांत गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. तिथे मशीन नसेल, तर सोनोग्राफीसाठी कुठे पाठवणार, हे आशाताईंना आधीच विचारून ठेवा.