नवनियुक्त वैमानिकांचे तळ व विमान वाटप (अमेरिका)

विमान कंपनीत नव्याने रुजू झालेल्या वैमानिकाने कोणत्या विमानतळावरून आणि कोणत्या जातीच्या विमानावर काम करावयाचे, हे ठरविण्याच्या प्रक्रियेस तळ व विमान वाटप असे म्हणता येईल. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील मोठ्या विमान कंपन्यांत हा निर्णय वैमानिकाचे कौशल्य, पूर्वानुभव किंवा प्रशिक्षणातील गुण पाहून घेतला जात नाही. तो सेवाज्येष्ठता क्रमांकानुसार होतो. हवाई दलात वीस वर्षे काढून आलेला अधिकारी आणि छोट्या कंपनीतून नुकताच आलेला तरुण सहवैमानिक एकाच दिवशी रुजू झाले, तर दोघांचे पूर्वायुष्य तेथेच मागे पडते व दोघेही यादीच्या तळाशी शेजारी शेजारी उभे राहतात.

तळ, विमान आणि आसन

वैमानिकाची नेमणूक तीन गोष्टींनी निश्चित होते. पहिली गोष्ट तळ, म्हणजे ज्या विमानतळावरून त्याची प्रत्येक फेरी सुरू होते व जेथे ती संपते ते ठिकाण. दुसरी विमानाची जात, उदाहरणार्थ बोईंग ७३७ किंवा एअरबस ए३२०. तिसरी आसन, म्हणजे कप्तान की सहवैमानिक. नवागताच्या बाबतीत तिसरा प्रश्न बहुधा उद्भवत नाही. त्याला सहवैमानिकाचेच आसन मिळते. एका जातीचे विमान चालविण्याची पात्रता दुसऱ्या जातीला सहसा लागू पडत नाही. बोईंग ७५७ व ७६७ यांना मिळून एकच पात्रता पुरते, हा अपवाद. त्यामुळे विमान बदलणे म्हणजे पुन्हा अनेक आठवड्यांचे प्रशिक्षण आणि कंपनीच्या दृष्टीने मोठा खर्च.

तळ म्हणजे राहण्याचे गाव नव्हे, हे येथे लक्षात घ्यावे लागते. वैमानिकाने कोठे घर करावे याच्याशी कंपनीला कर्तव्य नसते. ठरल्या वेळी तो तळावर हजर असला म्हणजे झाले. फेरीदरम्यान परगावी मुक्काम पडल्यास हॉटेलचा खर्च कंपनी करते, मात्र तळाच्या गावी झोपण्याची सोय ज्याची त्याने करावयाची असते.

क्रमांक कसा ठरतो

नव्या वैमानिकांना कंपनी गटागटाने बोलावते. अशा गटाला वर्ग म्हणतात आणि वर्ग सुरू होण्याचा दिवस हा सर्वसाधारणपणे सेवेचा पहिला दिवस धरला जातो. आधीच्या वर्गातील प्रत्येक जण नंतरच्या वर्गातील प्रत्येकापेक्षा ज्येष्ठ असतो. म्हणूनच एकाच वेळी दोन कंपन्यांचे बोलावणे आलेला उमेदवार वर्गाची तारीख फार बारकाईने पाहतो. भरती जोरात असताना दोन आठवड्यांच्या विलंबानेही बरेच जण पुढे निघून जातात.

एकाच वर्गातील उमेदवारांत पुढचा-मागचा कोण, हे ठरविण्याचे नियम कंपनीगणिक वेगळे आहेत. काही ठिकाणी वयाने मोठा तो ज्येष्ठ मानतात, काही ठिकाणी सोशल सिक्युरिटी क्रमांकाचे शेवटचे आकडे पाहतात, तर कोठे सरळ चिठ्ठ्या टाकतात. वयाचा नियम महाराष्ट्रातील वाचकांना अपरिचित वाटू नये. खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींविषयीच्या १९८१ च्या नियमावलीतही एकाच दिवशी नेमणूक झालेल्या एकाच प्रवर्गातील शिक्षकांत वयाने मोठा असलेला शिक्षक ज्येष्ठ मानला जातो. वैमानिकांच्या बाबतीत या नियमामागे एक व्यावहारिक विचारही आहे. अमेरिकेत प्रवासी कंपनीच्या वैमानिकाला वयाच्या ६५ व्या वर्षी थांबावे लागते (डिसेंबर २००७ पूर्वी ही मर्यादा ६० वर्षे होती). वयाने मोठा असलेला सहकारी आधी निवृत्त होणार असल्याने त्याच्यामुळे धाकट्याची वाट कायमची अडत नाही.

वर्गातील वाटप

प्रशिक्षणाच्या प्रारंभीच्या दिवसांत कंपनी वर्गापुढे रिकाम्या जागांची यादी ठेवते. ही यादी म्हणजे खरे पाहता उरलेल्या जागांची यादी असते. कोणत्याही तळावर जागा निर्माण झाल्या की प्रथम त्या सेवेतील वैमानिकांसाठी खुल्या केल्या जातात. प्रत्येक जण आपली पसंती नोंदवितो, यालाच तेथे बिड म्हणतात. क्रमांकाप्रमाणे त्या जागा दिल्या जातात. जे कोणी मागितले नाही, किंवा दुसरीकडे गेलेल्यांच्या मागे जे रिकामे राहिले, ते नवागतांच्या वाट्याला येते.

कल्पना करावी की, एका वर्गात २४ जण आहेत आणि यादीत न्यूयॉर्क येथील बोईंग ७३७ च्या १२, शिकागो येथील एअरबस ए३२० च्या ७, लॉस एंजेलस येथील ए३२० च्या ३ व सॅन फ्रान्सिस्को येथील बोईंग ७७७ च्या २ जागा आहेत. पहिल्या क्रमांकाचा उमेदवार चोविसांतून निवडतो, दुसरा तेविसांतून. याप्रमाणे शेवटच्यास निवड अशी उरतच नाही. अमुक उमेदवार लॉस एंजेलसचा रहिवासी आहे, त्याची पत्नी तेथे नोकरी करते, मुले तेथील शाळेत आहेत, हे सर्वांना ठाऊक असले तरी त्याचा क्रमांक चौदावा असेल आणि तोवर त्या तीन जागा संपल्या असतील, तर तो न्यूयॉर्क किंवा शिकागोला जातो. वर्गातील कोणी खुशीने मागचा पर्याय घेतला तरच त्याचा मार्ग मोकळा होतो.

पहिल्या क्रमांकाचा उमेदवार सर्वांत मोठे विमान घेईल असा समज असतो, आणि पुष्कळदा तो तसे करतोही. मोठ्या विमानाचा तासाचा दर बहुतेक कंपन्यांत अधिक असतो व त्याच्या फेऱ्या समुद्रापलीकडच्या असतात. परंतु अशा विमानावर बहुधा जुने, ज्येष्ठ सहवैमानिक असतात, त्यामुळे तेथे गेलेला नवागत वर्षानुवर्षे त्या तळाच्या तळाशीच राहू शकतो. उलट, लहान विमानावर आणि ज्येष्ठांना नकोशा तळावर त्याच्यामागे लवकर नवे लोक येतात. एकूण यादीतील एकच क्रमांक एका तळावर शेवटचा, तर दुसऱ्यावर मधला ठरतो. न्यूयॉर्क परिसरातील तळ अनेक कंपन्यांत कनिष्ठांचा समजला जातो. तेथील राहणीमान महाग असल्याने पुष्कळ वैमानिक अन्यत्र राहणे पसंत करतात आणि संधी मिळताच तळ बदलून घेतात.

साउथवेस्ट या कंपनीत ही सर्व गुंतागुंत निम्म्यावर येते, कारण ती केवळ बोईंग ७३७ विमाने चालविते. तेथे प्रश्न उरतो तो तळाचा. मालवाहतूक करणाऱ्या यूपीएसमध्ये विमान लहान असो वा मोठे, दर सारखाच असल्याने विमानापेक्षा तळ व वेळापत्रक यांना महत्त्व येते.

पहिली वर्षे

मिळालेले विमान ताबडतोब बदलता येत नाही. प्रशिक्षणाचा खर्च वसूल व्हावा म्हणून कंपनी व संघटना यांच्या करारात काही काळ, साधारणतः एक ते दोन वर्षे, वैमानिकाला त्याच जागी बांधून ठेवणारे कलम असते. त्याच विमानावर राहून तळ बदलणे त्यामानाने सुलभ असते.

प्रशिक्षण संपताच नियमित फेऱ्या मिळतील असेही नाही. महिन्याचे वेळापत्रकही क्रमांकानेच वाटले जाते आणि कनिष्ठांस बहुधा राखीव यादीत ठेवतात. राखीव वैमानिकास ठरलेल्या दिवशी दूरध्वनीजवळ तयार राहावे लागते. आजारपण, वादळ किंवा बिघाड यामुळे कोणी कमी पडला की त्याला बोलावणे येते आणि तातडीच्या प्रकारात सामान्यतः दोन ते तीन तासांत विमानतळ गाठावा लागतो. ज्याचे घर तळापासून दीड हजार किलोमीटरवर आहे, त्याला हे घरून करणे शक्य नसते. असे वैमानिक विमानतळाजवळ अनेकांत मिळून एखादे घर भाड्याने घेतात. एका खोलीत दोन-तीन मजली खाटा आणि ज्याची पाळी असेल त्याने झोपावे, अशी ही व्यवस्था क्रॅश पॅड या नावाने ओळखली जाते. घर ते तळ हा प्रवास ते रिकाम्या आसनावरून किंवा कॉकपिटमधील जादा आसनावरून विनामूल्य करतात. मात्र आसन मिळेलच याची शाश्वती नसते.

या प्रवासाचा प्रश्न १२ फेब्रुवारी २००९ च्या अपघाताने सार्वजनिक चर्चेत आला. नेवार्कहून बफेलोला जाणारे कोल्गन एअरचे ३४०७ हे विमान उतरण्यापूर्वी कोसळले. विमानातील सर्व ४९ आणि जमिनीवरील एक अशी ५० माणसे मृत्युमुखी पडली. दोघाही वैमानिकांचा तळ नेवार्क होता, पण त्यांपैकी कोणीही तेथे राहत नव्हते. सहवैमानिक आदल्या रात्री सिअ‍ॅटलहून मालवाहू विमानांनी प्रवास करीत देश ओलांडून आली होती, तर कप्तानाने ती रात्र विमानतळावरील कर्मचाऱ्यांच्या खोलीत काढली होती. विमानाचा वेग घटल्याच्या इशाऱ्यावर कप्तानाने केलेली चुकीची कृती हे अपघाताचे कारण ठरविण्यात आले. दोघांच्या कामावर थकव्याचा परिणाम झाला असण्याचा संभव चौकशी मंडळाने नोंदविला, परंतु तो किती, हे निश्चित करता आले नाही. त्यानंतर सहवैमानिकासाठी सर्वसाधारणपणे १५०० तासांच्या उड्डाणानुभवाची अट २०१३ मध्ये व विश्रांतीचे नवे नियम जानेवारी २०१४ पासून लागू झाले. घर ते तळ या प्रवासावर मात्र थेट बंधन आले नाही.

पद्धतीचा उगम

गुणवत्तेला इतके कमी स्थान देणारी पद्धत विमानचालनासारख्या कौशल्याच्या व्यवसायात का रुजली, हा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर आरंभीच्या हवाई टपालसेवेत सापडते. जुलै १९१९ मध्ये दाट धुक्यात उड्डाण करण्यास नकार देणाऱ्या टपाल वैमानिकांना कामावरून दूर करण्यात आले, तेव्हा त्यांच्या सहकाऱ्यांनी संप पुकारला. चांगल्या फेऱ्या, चांगली विमाने आणि नोकरी टिकणे हे सारे वरिष्ठांच्या मर्जीवर असेल, तर धोका ओळखून ‘नाही’ म्हणणारा वैमानिक मागे पडतो व ‘हो’ म्हणणारा पुढे जातो, हे यातून उघड झाले. १९३१ मध्ये डेव्हिड बेंकी यांच्या पुढाकाराने एअर लाइन पायलट्स असोसिएशन ही संघटना स्थापन झाली. रेल्वे कामगारांसाठी १९२६ साली झालेला कायदा १९३६ मध्ये विमान कंपन्यांना लागू करण्यात आला, आणि रेल्वेत रूढ असलेली ज्येष्ठतेची प्रथा विमान कंपन्यांच्या करारांतही पक्की झाली. क्रमांक हा मर्जीने देता किंवा काढून घेता येत नाही, हेच तिचे बळ.

या क्रमांकाची किंमत १९८५ च्या युनायटेड एअरलाइन्समधील संपात दिसून आली. २९ दिवस चाललेल्या या संपात कंपनीने तळ व विमानांच्या जागा नव्याने वाटण्याचा प्रयत्न केला. प्रशिक्षण पूर्ण करूनही संपात सामील झालेल्या सुमारे ५७० नव्या वैमानिकांना तिने सेवेत घेण्याचे नाकारले. त्यांच्या नोकरीचा व क्रमांकाचा वाद न्यायालयापर्यंत गेला आणि त्यांना सेवेत न घेणे बेकायदा ठरले.

दुसरी बाजू अशी की, क्रमांक वैमानिकाला कंपनीशी जखडून ठेवतो. तो दुसऱ्या कंपनीत नेता येत नाही. पंधरा वर्षांच्या कप्तानाने नोकरी बदलली तर तो पुन्हा शेवटचा सहवैमानिक होतो. मंदीत कपात करावयाची झाल्यास ती यादीच्या खालच्या टोकापासून होते. सप्टेंबर २००१ मधील हल्ल्यांनंतर हजारो वैमानिकांना अशा रीतीने घरी बसावे लागले, आणि कामावर परत बोलावणेही क्रमांकानेच आले. वर्गात आपल्या पुढे बसलेल्याचा वाढदिवस आपल्याआधी येतो, एवढ्याच कारणाने कोणाची नोकरी गेली तर कोणाची राहिली.

भरपूर भरतीच्या काळात चित्र पालटते. २०२३ च्या सुमारास युनायटेडमध्ये कप्तानपदाच्या अनेक जागांसाठी पुरेसे वैमानिक पुढे आले नाहीत. नियमाने पात्र असलेल्या सहवैमानिकांना कप्तानाच्या अधिक वेतनापेक्षा सहवैमानिक म्हणून मिळणारे स्थिर वेळापत्रक आणि घरचा तळ अधिक मोलाचा वाटला. कप्तान होताच ते पुन्हा कनिष्ठ ठरून राखीव यादीत गेले असते.

विलीनीकरण

दोन कंपन्या एक झाल्या की दोन याद्यांची एक यादी करावी लागते व येथे ही पद्धत सर्वाधिक कटुता निर्माण करते. २००५ मध्ये अमेरिका वेस्ट व यूएस एअरवेज एकत्र आल्या. २००७ मध्ये लवाद जॉर्ज निकोलाऊ यांनी दिलेल्या निर्णयात केवळ रुजू झाल्याची तारीख न पाहता विलीनीकरणाच्या वेळी कोणाचे स्थान काय होते, याला वजन देण्यात आले. परिणामी यूएस एअरवेजचे दीर्घ सेवा झालेले, पण कपातीत घरी बसलेले वैमानिक अमेरिका वेस्टमध्ये अलीकडे लागलेल्यांच्या खाली गेले. त्यांनी जुनी संघटना सोडून २००८ मध्ये नवी स्थापली. निर्णयाची अंमलबजावणी रखडली आणि एकाच कंपनीच्या नावाखाली दोन गट आपापल्या तळांवरून, आपापल्या विमानांवर, वेगवेगळ्या याद्यांनिशी काम करीत राहिले. २०१३ मध्ये ही कंपनी अमेरिकन एअरलाइन्समध्ये विलीन झाली, तेव्हा एकत्र करावयाच्या याद्या तीन होत्या. नव्या लवादाने त्यांची एक यादी २०१६ मध्ये जाहीर केली.