डोव्हटेल कापायला कोणता राउटर बिट घ्यावा?

ड्रॉवरच्या कोपऱ्यातला डोव्हटेल सांधा मला फार आवडतो. खिळा नको, स्क्रू नको. कबुतराच्या शेपटीसारखे पसरट दात एकमेकांत अडकले की ड्रॉवर कितीही ओढा, दर्शनी फळी सुटून येत नाही.

बिट घेताना आधी कोन बघा. अर्ध-झाकल्या, म्हणजे एकाच बाजूने दिसणाऱ्या सांध्याच्या साध्या जिगला (राउटरला वाट दाखवणाऱ्या साच्याला) बहुधा १४ अंशांचा, अर्धा इंची बिट लागतो. दोन्ही बाजूंनी दिसणाऱ्या सांध्यासाठी ७-८ अंशांचा बिट जास्त देखणा दिसतो. पण त्यात शेपट्या डोव्हटेल बिटने आणि खुंट्या सरळ बिटने कापतात, म्हणजे दोन बिट आले. जिगच्या पुस्तिकेत दिलेला कोन आणि व्यास तंतोतंत पाळा.

मग दांडा. पाव इंच म्हणजे ६.३५ मिमी, ६ मिमीचा दांडा पाव इंची कोलेटमध्ये, म्हणजे राउटरच्या बिट धरणाऱ्या पकडीत, पक्का बसत नाही. मोठा राउटर असेल तर अर्धा इंचीच घ्या, थरथर कमी होते. सागवानातल्या सिलिकामुळे साध्या स्टीलची धार लवकर जाते, म्हणून कार्बाइडच.

डोव्हटेलची पूर्ण खोली एकाच फेरीत कापावी लागते, टप्प्याटप्प्याने नाही. कठीण लाकडात आधी बारीक सरळ बिटने मधला भाग काढून घ्या. आणि बिट फिरत असताना राउटर वर उचलू नका, सांधा आणि टेम्प्लेट दोन्ही जातील!

अर्ध-झाकला सांधा सैल बसला तर बिटची खोली किंचित वाढवा, घट्ट झाला तर कमी करा. चाचणी मात्र त्याच जाडीच्या टाकाऊ तुकड्यावर.