वशिल्याचा चेक

अकोल्याच्या सार्वजनिक जीवनात थोडाफार वावर असलेल्या माणसाच्या वाट्याला वर्षातून दहा वेळा तरी जी विनवणी येते, ती ही: "भाऊ, रोटरीत तुमची ओळख हाये, आमच्या संस्थेले एक चेक काढून द्या ना!" परवा खारपाणपट्ट्यातल्या एका गावाचे शिक्षक असेच आले. पूर्णेच्या खोऱ्यातले खारट पाणी मुलांना प्यावे लागते, म्हणून शाळेत शुद्धीकरण यंत्र बसवावे, हा त्यांचा हेतू सर्वथा स्तुत्य. परंतु अर्जात अध्यक्षमहोदयांच्या नावामागे चार विशेषणे होती, आणि मुले किती, यंत्र किती लिटरचे, वीजबिल कोण भरणार, यंत्रातून वाया जाणारे क्षारयुक्त पाणी कोठे सोडणार, याविषयी अवाक्षर नव्हते.

गैरसमज असा की, रोटरी क्लबाच्या तिजोरीत अमेरिकेहून पैसा येऊन पडतो आणि अध्यक्षांची मर्जी बसेल त्याच्या पदरात तो टाकला जातो. ज्या रोटरी फाउंडेशनची कल्पना आर्च क्लम्फ यांनी 1917 साली मांडली आणि ज्याला पहिली देणगी मिळाली ती अवघ्या साडेसव्वीस डॉलरांची, त्या फाउंडेशनच्या वार्षिक निधीत सभासद जी वर्गणी घालतात, ती तीन वर्षे गुंतवून ठेवली जाते. त्यानंतर तिचा सुमारे निम्मा भाग त्या सभासदांच्याच रोटरी-जिल्ह्याच्या खाती जमा होतो, आणि त्यातलाही फार तर निम्मा लहान स्थानिक कामांच्या 'जिल्हा अनुदाना'साठी वापरता येतो. म्हणजे आज जो पैसा मागावयाचा, तो तीन वर्षांपूर्वी इथल्याच डॉक्टर-व्यापाऱ्यांच्या खिशातून गेलेला असतो! 'जागतिक अनुदाना'चा अंदाजपत्रकी किमान आकडा 30,000 डॉलर असून त्याला परदेशातील भागीदार क्लब लागतो; एका शाळेच्या यंत्राला ती वाट नव्हे.

शिवाय हा पैसा संस्थेला मिळतच नाही. तो मिळतो क्लबाला, आणि तोही विवक्षित कामापुरता. संस्थेला बिनशर्त रोख रक्कम देणे, तिच्या कारभाराचा नित्य खर्च उचलणे, आधीच होऊन गेलेला खर्च भरून देणे, या तिन्ही बाबी फाउंडेशनच्या अनुदान-नियमावलीने स्पष्टपणे वर्ज्य केल्या आहेत. क्लबालाही आधी प्रशिक्षण घेऊन करारावर सह्या कराव्या लागतात, दोन सभासदांच्या सहीने खाते चालवावे लागते आणि पावत्यांचे दप्तर किमान पाच वर्षे जपावे लागते. राहिली ओळख! सभासद, त्याची पत्नी, मुले, आईवडील यांना या अनुदानाचे लाभार्थी होता येत नाही, आणि सभासदाचा संस्थेशी हितसंबंध असेल तर तो आधीच उघड करावा लागतो. ज्या वशिल्याच्या भरवशावर लोक माझा उंबरठा झिजवतात, तो वशिला जितका जवळचा तितका अडचणीचा, हे किती वेळा सांगावे?

आता किरकोळ समजुती. धर्मादाय आयुक्तांकडे न्यासाची नोंदणी झाली की देणग्यांवरील करसवलतीची '80 जी' मान्यता आपोआप मिळते, हे खोटे. ती मान्यता आयकर खात्याची, अर्ज निराळा. परदेशी देणगी घेऊन दुसऱ्या संस्थेला वाटता येते, हेही खोटे. परकीय अंशदान कायद्याच्या 2020 च्या दुरुस्तीने ते बंद केले. रोटरी, लायन्स आणि फ्रीमेसन एकच, असे मानणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की तिघांचे निधी व नियम स्वतंत्र आहेत. लायन्सचे फाउंडेशन 1968 चे, तर फ्रीमेसनांचे भारतातील ग्रँड लॉज 1961 चे.

हे सारे समजावून त्या शिक्षकांकडून मी अर्ज माझ्याच मेजावर पुन्हा लिहवून घेतला. विशेषणे गेली, पटसंख्या आली, तीन दुकानांची दरपत्रके जोडण्याचे ठरले, वीजबिलाची हमी शाळा-समितीने घ्यावी असा ठराव योजला. समाधानाने त्यांनी फाईल मिटली, उंबरठ्यापर्यंत गेले, आणि मागे वळून म्हणाले, "ते सारं खरं भाऊ, पण अध्यक्षायले एक फोन तं करसान ना?"