फॉर्टी माइल क्रीक : ओढा की खाडी?

कॅनडातील ओंटॅरिओ प्रांतात नायगारा कड्यावरून उतरून ग्रिम्झबी या लहानशा नगरातून वाहणारा आणि ओंटॅरिओ सरोवरास मिळणारा एक प्रवाह आहे. त्याचे नाव 'फॉर्टी माइल क्रीक'. मराठीत याचे भाषांतर 'चाळीस मैलांची खाडी' असे करण्याचा मोह होतो. त्यात दोन चुका संभवतात.

पहिली चूक मैलांविषयीची. चाळीस मैल ही प्रवाहाची लांबी नव्हे. नायगारा नदीच्या मुखापासून किनाऱ्याने पश्चिमेकडे जाताना लागणाऱ्या प्रवाहांना वसाहतवाल्यांनी अंतरावरून फोर, ट्वेल्व्ह, ट्वेंटी, फॉर्टी अशी नावे दिली. मोजणी ढोबळच होती. आजच्या नकाशावर दोन मुखांमधील सरळ अंतर सुमारे 25 मैल, म्हणजे 40 किलोमीटर भरते. आकडा खरा ठरला तो परक्या मापात, हा निव्वळ योगायोग होय. परंतु संख्या एकदा विशेषनाम झाली की ती मोजण्याचे काम सोडून ओळख पटविण्याचे काम करू लागते. पुढे तर ओढाही गळून वस्तीलाच 'द फॉर्टी' म्हणू लागले. एलिझाबेथ सिमको यांच्या अठराव्या शतकाच्या अखेरच्या रोजनिशीत हे स्थळ येते. स्टोनी क्रीकच्या लढाईनंतर माघार घेतलेल्या अमेरिकन सैन्यावर 8 जून 1813 रोजी ब्रिटिश जहाजांनी तोफा डागल्या, त्याही येथेच.

दुसरी चूक अधिक घातक, कारण ती पारिभाषिक आहे. ब्रिटिश इंग्रजीत 'क्रीक' म्हणजे किनाऱ्यात शिरलेला पाण्याचा चिंचोळा फाटा. म्हणूनच 'ठाणे क्रीक' म्हणजे ठाण्याची खाडी. अमेरिका खंडात वसाहतवाले अशा फाट्यांतून आत शिरले आणि वरच्या प्रवाहालाही तेच नाव चिकटले. तेथे 'क्रीक' म्हणजे ओढाच. (मूळ शब्द स्कँडिनेव्हियन मानला जातो, आणि ग्रिम्झबी या लिंकनशायरहून आलेल्या नावातील 'बी' हाही त्याच घराण्यातला.) सरोवराकाठच्या गावी 'खाडी' लिहिली की विद्यार्थ्याच्या डोळ्यांसमोर भरती-ओहोटी आणि खारे पाणी उभे राहते.

शेजारच्या ट्वेंटी माइल क्रीकचे मुख मात्र पेचात टाकते. हिमयुगानंतर सरोवराच्या ईशान्येकडील निर्गमाची जमीन अधिक वेगाने उचलली गेली. त्यामुळे पाणी पश्चिम टोकाकडे चढून हे मुख बुडाले. ते खाडीसारखे दिसते खरे, पण पाणी गोडे आणि भरती नगण्य. तेथे 'बुडालेले मुख' असे सरळ वर्णनच करावे.