एकच पट, दोन आकडे

जुलै २०२५ मध्ये बाटुमीला महिला विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. नागपूरची दिव्या देशमुख आणि कोनेरू हंपी. दोन संथ डाव बरोबरीत सुटले, २८ तारखेला जलद डावांत दिव्या जिंकली. आपल्यापैकी अनेकांनी तो मोबाइलवर पाहिला असेल. पटाशेजारी एक काळी-पांढरी पट्टी असते. ती हलली की आपण लगेच म्हणतो, 'अरे, चुकली!' बुद्धिबळ येवो न येवो, पट्टी सगळ्यांना वाचता येते. पण तीच स्थिती दुसऱ्या प्रोग्रामला दाखवा, आकडा वेगळा येतो. मग चुकलं कोण? आज तामलवाडीत मला यावरच बोलायचंय.

दोन्ही बाजूंनी अचूक खेळ झाला, तर कुठल्याही स्थितीचं खरं उत्तर तीनपैकी एकच: पांढरा जिंकतो, काळा जिंकतो किंवा बरोबरी. 'अधिक ०.७' हे उत्तर पटावर नाहीच. तो अंदाज. न्यायदर्शनाच्या भाषेत अनुमान. डोंगरावर धूर दिसला, म्हणजे आग असावी. राजे धरून सातच सोंगट्या उरल्या की मात्र उत्तरं आधीच काढून ठेवलेली आहेत, ती कोष्टकं २०१८ मध्ये पूर्ण झाली. त्याआधीचं बहुतेक सगळं अनुमान.

आणि अनुमान कशावरून, ते प्रत्येकाचं निराळं. जुने प्रोग्राम माणसाने लिहून दिलेल्या हिशेबावर चालत. प्यादं १, घोडा-उंट ३, हत्ती ५, वजीर ९, वर राजाची सुरक्षितता वगैरे. म्हणून आकडा प्याद्यांत. स्टॉकफिशने २०२० मध्ये न्यूरल नेटवर्क घेतलं, पुढे तो हाताने लिहिलेला हिशेब काढूनच टाकला. २०२२ च्या १५.१ आवृत्तीपासून त्याच्या 'अधिक १'चा अर्थही बदलला: स्टॉकफिश स्वतःशीच खेळला, तर पांढरा जिंकण्याची शक्यता निम्मी. मलाही हे बरेच दिवस ठाऊक नव्हतं! आणि बघा, यात घड्याळात दोन मिनिटं उरलेला माणूस कुठेच नाही.

लीला चेस झिरो वेगळ्या घराण्यातली. (नाव बाईचं वाटतं म्हणून 'ती'.) स्टॉकफिश सेकंदाला लाखो स्थिती तपासतो, ही त्या मानाने फार थोड्या, पण प्रत्येकीकडे मोठ्या नेटवर्कमधून बघते. ती तीन आकडे देऊ शकते: जिंकणं, बरोबरी, हरणं. याचा उपयोग फार आहे. समजा, दोन स्थितींना शून्य गुण आले. एकीत शंभरातले ९८ डाव बरोबरीत सुटणार. दुसरीत ४० पांढरा जिंकणार, ४० काळा, उरलेले २० बरोबरीत. पट्टी दोन्हीकडे मधोमध! पण पहिल्या पटावरून चहाला उठता येतं, दुसऱ्यावरून नाही.

सगळेच फसतात अशाही जागा आहेत. २०१७ मध्ये पेनरोज इन्स्टिट्यूटने एक स्थिती मांडली. काळ्याकडे वजीर, दोन हत्ती आणि तीन उंट, तिन्ही काळ्या घरांवरचे. वजीर-हत्ती प्याद्यांमागे कोंडलेले. त्या वेळचे प्रोग्राम म्हणाले, काळा जिंकतोय. पांढऱ्याने राजा पांढऱ्या घरांवरून फिरवत ठेवला की झाली बरोबरी.

शेवटी एका मुलाने विचारलं, 'सर, मग मी माझा डाव कुणाला दाखवू?' दोघांनाही दाखव. पण आधी कोण वरचढ आणि का, हे वहीत लिही. आकडे साधारण जुळले तर पुढे जा. एक 'बरोबरी' म्हणतोय आणि दुसरा 'पांढरा बराच पुढे', तिथे थांब. दोघांनी सुचवलेल्या आठ-दहा चाली खऱ्या पटावर हाताने खेळून बघ, मग वही उघड.